केस प्रेप स्टेशन घरी बनवताना: मोटर हळू हवी आणि क्रम सरळ हवा

इथे अमेरिकेत नेमबाजीच्या रेंजवर जाणारे आणि स्वतःचं रिलोडिंग (उडालेल्या काडतुसाची पितळी नळी, म्हणजेच केस किंवा ब्रास, परत भरून वापरणं) करणारे आपले बरेच जण हाताने केस प्रेप, म्हणजे भरण्याआधी ती साफ आणि नीट करणं, करून करून कंटाळतात आणि मग सरळ ड्रिल मशीनमध्ये चॅम्फर टूल (केसच्या तोंडाची आतली कड तिरकी कापणारं) पकडतात. पुढच्या तक्रारी ठरलेल्या, केसचं तोंड वाकडं कापलं जातंय, ब्रास बोटात गरगर फिरतंय, प्रायमर पॉकेट (केसच्या तळातला, ठिणगी देणारा प्रायमर बसतो तो खड्डा) सैल झाले. टूलचा दोष क्वचितच असतो. एकतर स्पीड चौपट असतो नाहीतर कामाचा क्रम उलटा असतो, आणि बऱ्याचदा दोन्ही. म्हणून मशीन कसं बांधायचं आणि त्यावर ब्रास कुठल्या क्रमाने न्यायचं हे एकाच ठिकाणी लिहितोय.

मशीन म्हणजे काय तर एका लाकडी बॉक्सवर तीन-चार छोट्या गिअर मोटर, प्रत्येकीच्या टोकाला एक हेड (कापणारं किंवा घासणारं टूल), केस हातात धरायची आणि फिरत्या हेडवर टेकवायची. इथे फक्त रिकाम्या ब्रासचं काम आहे. पावडर, नवीन प्रायमर, बुलेट सीटिंग (केसमध्ये बुलेट बसवणं) यातलं काही या लेखात नाही, त्यासाठी छापील रिलोडिंग मॅन्युअल उघडायचं आणि त्यातलाच डेटा वापरायचा.

सावधान, भारतातल्यांसाठी: हे तिकडे करायचं नाही. आर्म्स अ‍ॅक्ट, १९५९ मध्ये अ‍ॅम्युनिशनच्या व्याख्येतच अ‍ॅम्युनिशनचे भाग आणि ते बनवायची मशिनरी दोन्ही येतात, म्हणजे लायसन्सशिवाय असलं मशीन बांधणं हा नुसता हौसेचा विषय राहत नाही. इथून सुट्टीला जातानाही रेंज बॅगचे कप्पे उलटे करून झटकून बघा, एखादी रिकामी केससुद्धा सामानात जाऊ देऊ नका. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी रिलोड करायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकायचं असेल तर लागतं. राज्याचे नियम आणि भाड्याच्या घराचा करार वेगळा बघा.

## १. सामान जमवा, आणि मोटर घाई न करता निवडा

अर्धं काम इथेच आहे. लोक जुन्या स्क्रूड्रायव्हरची मोटर काढतात किंवा घरात पडलेली कुठलीही मोटर वापरतात आणि नंतर स्पीड कंट्रोलर लावून ती हळू करायला बघतात. तसं केलं की स्पीडबरोबर जोरही जातो, केस टेकवली की मोटर थांबते, सोडली की परत पळते. त्यापेक्षा मुळातच हळू फिरणारी मोटर घ्या.

- १२ व्होल्ट डीसी गिअर मोटर, ३७ मिलिमीटर गिअरबॉक्सवाली, ६ मिलिमीटर डी-कट शाफ्ट (एका बाजूने सपाट). आउटपुट स्पीड १०० ते २०० आरपीएमच्या आत. स्टॉल टॉर्क (मोटर अडून थांबते तेव्हाचा जोर) १० किलो-सेंमीच्या आसपास किंवा थोडा वर, फार जास्त नको, नाहीतर हेड अडकलं तर केस बोटातून हिसकून नेते.
- १२ व्होल्टचा बंद डब्यातला तयार अ‍ॅडॅप्टर, चार मोटरला १० अँपिअरचा. उघड्या टर्मिनलचा सप्लाय स्वस्त मिळतो, पण १२० व्होल्टची उघडी टोकं आणि ब्रासचा कीस एकाच टेबलावर नको.
- हेड: आतून कापणारं चॅम्फर, बाहेरून कापणारं डीबर, प्रायमर पॉकेट क्लीनर, नेक ब्रश (नेक म्हणजे केसच्या तोंडाजवळचा भाग), आणि मिलिटरी ब्रास असेल तर क्रिंप रीमर (भाग ९ बघा). आरसीबीएस, लायमन, हॉर्नडी या कंपन्यांच्या अशा बहुतेक हेडना ८-३२ चे आटे असतात, घेताना तेवढं बघून घ्या.
- अर्धा इंच जाडीचा गोल अ‍ॅल्युमिनियम रॉड, कपलरसाठी.
- १८ मिलिमीटर प्लायवूड, १/८ इंच अ‍ॅल्युमिनियम पट्टी, स्विच, फ्यूज होल्डर, १८ गेज वायर.
- डिजिटल कॅलिपर. हा आधीपासून नसेल तर मोटर नंतर घ्या, कॅलिपर आधी.

एका मोटरवर पट्टा किंवा गिअर लावून चार स्पिंडल फिरवता येतात, पैसे वाचतात. पण पहिल्यांदा बांधत असाल तर त्या भानगडीत पडू नका. चार वेगळ्या मोटर असल्या की एक बिघडली तर बाकीच्या चालू राहतात आणि जी लागते तेवढीच सुरू करता येते.

## २. कपलर: इथे वाकडं गेलं तर पुढे काही सरळ होत नाही

मोटरचा शाफ्ट ६ मिलिमीटरचा आणि हेडचे आटे ८-३२ चे, यांना जोडणारा तुकडा आपणच करायचा. लोक ८-३२ चा लांब कपलिंग नट घेऊन एका बाजूने ६ मिलिमीटरचं भोक मारतात, पण त्या नटची भिंत मग इतकी पातळ राहते की ग्रब स्क्रूला (डोकं नसलेला, बाजूने आवळायचा स्क्रू) धरायला आटेच उरत नाहीत. चार दिवसांत ढिला.

रॉडचा साधारण सव्वा इंचाचा तुकडा कापा. लेथ असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर ड्रिल प्रेसवर उलटं करा, रॉड चकमध्ये पकडा आणि ड्रिल बिट खाली व्हाइसमध्ये उभा पकडा. रॉड फिरतो, बिट स्थिर राहतो, त्यामुळे भोक आपोआप मध्यावर येतं. व्हाइस लगेच घट्ट करू नका, आधी बिटचं टोक रॉडच्या मध्याला हलकं टेकवा, व्हाइस थोडा सरकून आपली जागा घेतो, मग क्लँप करा.

एका बाजूने ६ मिलिमीटरचं भोक, अर्ध्याच्या थोडं पुढे जाईल इतकं. दुसऱ्या बाजूने २९ नंबरचा बिट आणि त्यात ८-३२ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार). टॅप हाताने मारा, तेलाचा थेंब टाका, अर्धा फेरा पुढे पाव फेरा मागे असं करत जा, अ‍ॅल्युमिनियम टॅपला चिकटतं. मग बाजूने ३.३ मिलिमीटरचं भोक आणि एम४ चा टॅप, त्यात ग्रब स्क्रू, जो शाफ्टच्या सपाट बाजूवर बसायला हवा. गोल बाजूवर बसवलात तर कितीही आवळा, तो घसरणारच.

तपासा: कपलर मोटरवर लावा, हेड बसवा, मोटर सुरू करा. मार्कर पेनाचं टोक हेडच्या कडेजवळ आणून हळूच टेकवा. खूण गोल सगळीकडे आली तर ठीक. एकाच बाजूला आली तर हेड डगमगतंय, कपलर परत करा. थोडंसंच तर आहे असं म्हणून पुढे जाऊ नका, तेच थोडंसं केसच्या तोंडावर एका बाजूला जास्त कापतं.

## ३. बॉक्स आणि मोटर बसवणं

टेबलापासून हेडची उंची साधारण तुमच्या कोपराइतकी किंवा थोडी खाली येईल असा बॉक्स करा. वरची पाटी पुढे थोडी कललेली असली की मनगट दुखत नाही. हेड उभे वर तोंड करून ठेवले की कीस त्यांच्याच मुळाशी जमतो आणि गिअरबॉक्सच्या तोंडात जातो, म्हणून मी तरी आडवे किंवा कललेले हेड पसंत करतो.

या ३७ मिलिमीटरच्या मोटरचा शाफ्ट गिअरबॉक्सच्या मध्यात नसतो, एका बाजूला सरकलेला असतो. लोक मोटरचा मध्य धरून भोक पाडतात आणि मग शाफ्ट पट्टीला घासतो. आधी पुठ्ठ्यावर मोटरचं तोंड दाबून शाफ्ट आणि स्क्रूच्या भोकांचा ठसा घ्या, पुठ्ठा कापा, मोटरवर बसतोय का बघा आणि मगच अ‍ॅल्युमिनियम पट्टीवर खुणा करा.

सावधान: मोटरच्या तोंडाला एम३ स्क्रू लागतात आणि ते आखूडच हवेत. पट्टीची जाडी सोडून ३ मिलिमीटरपेक्षा जास्त आत गेले तर आतल्या गिअरला लागू शकतात. मोटर सुरू केल्यावर कर्रकर्र आवाज आला तर पहिला संशय या स्क्रूवर घ्या.

दोन हेडमध्ये निदान तीन इंच अंतर ठेवा. जवळजवळ लावले की एकावर काम करताना हाताची मागची बाजू शेजारच्या फिरत्या हेडला लागते. बॉक्सच्या तळाला रबराचे पाय लावा आणि शक्यतो टेबलाला क्लँप करा.

## ४. वायरिंग

अ‍ॅडॅप्टर, मग मोठा मेन स्विच, मग प्रत्येक मोटरला वेगळा फ्यूज आणि वेगळा स्विच, एवढंच. फ्यूज मोटरच्या स्टॉल करंटच्या जरा खालचा घ्या, म्हणजे हेड जाम होऊन मोटर नुसती गुरगुरत राहिली तर ती जळायच्या आधी फ्यूज जातो. मेन स्विच डावीकडे पुढे, बघायला न लागता हात जाईल अशा जागी. उजव्या हाताने केस धरता ना, डावखुरे असाल तर उलट.

दिशा लोक हमखास विसरतात. हेडकडे समोरून बघितलं तर ते घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरायला हवं. तसं फिरलं की हेडच्या धारा बरोबर कापतात आणि कापताना हेड आपोआप कपलरमध्ये घट्ट होत जातं. उलटं फिरत असेल तर धार नुसती घासते आणि दोन मिनिटांत हेड सुटून हातात येतं. मोटरच्या दोन वायर अदलाबदल केल्या की झालं.

तपासा: ब्रास न लावता प्रत्येक मोटर दहा मिनिटं चालू ठेवा. हात लावून बघा, कोमट ठीक, चटका बसेल इतकी गरम नको. मग ग्रब स्क्रू परत एकदा आवळा, पहिल्या चालण्यानंतर ते हमखास थोडे ढिले होतात.

## ५. कामाला बसायच्या आधी

चष्मा हवाच, साधा नाही, सेफ्टीचा. सैल बाह्या, डोक्याचे मोकळे केस, गळ्यातली चेन, मनगटातला दोरा, ओढणी हे सगळं बाजूला. कापडी किंवा सैल ग्लोव्ह घालून फिरत्या हेडजवळ जाऊ नका, पातळ नायट्राइलचे अंगाबरोबर बसणारे चालतात आणि ते घालाच, कारण खरा धोका शिशाचा आहे. उडालेल्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं. कोरडी, न धुतलेली केस फिरत्या ब्रशवर धरली की ती काजळी बारीक धुळीसारखी हवेत उडते, दिसत नाही पण नाकात जाते.

म्हणून हे काम डायनिंग टेबलावर नाही. किचनमध्ये नाही. पोरं खेळतात त्या कार्पेटवर तर अजिबातच नाही. गॅरेजमध्ये करा, खाली जुना पेपर घाला, शेजारी चहाचा कप ठेवू नका. झाल्यावर धूळ झाडूने झाडू नका, साधा घरचा व्हॅक्यूम पण नको कारण तो बारीक धूळ मागून परत बाहेर फेकतो, ओल्या कागदी टॉवेलने पुसून टाकून द्या. हात साबणाने धुवा, कपडे वेगळे धुवा.

पावडरचे डबे आणि नवीन प्रायमर या टेबलावर नकोत. ब्रशवाल्या डीसी मोटरमध्ये आत बारीक ठिणग्या होतात, तेवढं कारण पुरे. आणि भरलेलं काडतूस, किंवा ज्यात न उडालेला प्रायमर आहे अशी केस, या मशीनवर कधीच नाही, कुठल्याही कारणाने नाही.

## ६. ब्रास आधी निवडा, मग धुवा, मग साइझ करा

मशीन तयार झालं की सगळ्यांना पहिली केस घेऊन लगेच चॅम्फर करायची घाई असते. थांबा. मशीनवर जायच्या आधी ब्रासचे चार टप्पे व्हायला हवेत.

निवड. तोंडाला चीर, नेकला भेग, केसच्या तळाच्या जरा वर चकाकती गोल रेघ, असल्या केस वेगळ्या काढा आणि पक्कडीने चेपून टाका म्हणजे परत ढिगात येणार नाहीत. रेघेचा संशय असेल तर पेपर क्लिप सरळ करून तिचं टोक थोडं वाकवा, केसमध्ये घालून आतल्या भिंतीवरून तळाकडून वर ओढा. तळाच्या जरा वर टोक खाचेत अडकल्यासारखं झालं की तिथे भिंत आतून पातळ झालीये, पुढच्या फायरिंगला केस तिथूनच तुटू शकते. बाहेरून ती केस छान चकाकत असते, हाच त्रास.

टॉर्च लावून आत बघा. मध्यावर एकच भोक असेल तर बॉक्सर, आपल्या कामाची. बाजूबाजूला दोन बारीक भोकं असतील तर बर्डन, त्यात डीकॅपिंग पिन (जुना प्रायमर ढकलून काढणारी) घातलीत तर पिन मोडेल.

डीकॅप आणि धुणं. जुना प्रायमर काढा, मग केस ओल्या टम्बलरमध्ये (केस फिरवत धुणारं मशीन) किंवा साबणाच्या गरम पाण्यात धुवून पूर्ण वाळवा. या क्रमाने पॉकेटही आतून धुतले जातात आणि काजळी पाण्याबरोबर जाते.

साइझ. ल्यूब (वंगण) लावून रीसाइझ करा, म्हणजे फुगलेली केस डायमध्ये दाबून मूळ मापाला आणा, मग ल्यूब पुसा. लांबी मोजायची ती याच्यानंतर, कारण साइझ करताना केस लांब होते. आधी मोजली, बरोबर आली म्हणून ट्रिम केली नाही, आणि मग साइझ केली, तर ती मर्यादेच्या पुढे गेलेली असू शकते आणि तुम्हाला कळणारही नाही.

## ७. लांबी

प्रत्येक केस कॅलिपरवर. .२२३ रेमिंग्टनची कमाल लांबी १.७६० इंच आणि ट्रिम करायची ती १.७५० ला. .३०८ विंचेस्टरची कमाल २.०१५ आणि ट्रिम २.००५. दुसरं काही असेल तर मॅन्युअलमधला आकडा घ्या, कोणी सांगितलेला नको. केस जास्त लांब राहिली तर चेंबरच्या (बंदुकीत काडतूस बसतं ती जागा) पुढच्या टोकाला तिचं तोंड दाबलं जाऊन बुलेटला चिमटीत धरतं आणि प्रेशर अचानक वाढतं. रायफलला आणि चेहऱ्याला दोघांनाही धोका.

ट्रिम या मशीनवर करू नका. हातात धरून फिरत्या कटरवर टेकवून लांबी अंदाजाने जमत नाही, आणि कटिंग सरळही येत नाही. ज्यात कटर ठरलेल्या लांबीला आपोआप थांबतो असा ट्रिमर वेगळा ठेवा, लेथ टाइप किंवा गेज पिनवाला, दोन्ही चालतात.

## ८. चॅम्फर आणि डीबर

ट्रिमनंतर तोंडाच्या आत-बाहेर बारीक बर (कापल्यावर उरलेली खरखरीत कड) राहतो. आधी आतून चॅम्फर, मग बाहेरून डीबर. उलट केलं तरी आभाळ कोसळत नाही, पण आतला कटर बर बाहेर ढकलतो आणि मग बाहेरचा तो साफ करतो, म्हणून हाच क्रम सोयीचा.

केस अंगठा आणि दोन बोटांनी तिच्या तळाच्या बाजूला धरा. फिरत्या हेडवर सरळ रेषेत आणा आणि तिला स्वतःच आपला मध्य शोधू द्या. दाबायचं नाही. दोन-तीन सेकंद पुरतात. स्पीड बरोबर असेल तर आवाज एकसारखा सर्रर्र येतो आणि ब्रासचे केसासारखे बारीक कुरळे धागे निघतात. थरथर जाणवली, आवाज कर्कश झाला, किंवा धाग्यांऐवजी नुसती पूड निघायला लागली तर केस तिरकी आहे नाहीतर धार गेलीये.

तपासा: उजेडाकडे तोंड करून बघा. आत बारीक, सगळीकडे सारख्या रुंदीची चकाकती रिंग दिसायला हवी. नख आतून बाहेर फिरवा, कुठे अडकू नये. आणि तोंडाची कड थोडी तरी सपाट राहायला हवी, सुरीसारखी धारदार झाली म्हणजे जास्त कापलंत. अशी कड लवकर चिरते. सगळ्यात जास्त ब्रास वाया जातं ते इथेच, कारण मशीन आहे म्हणून हात थांबत नाही. हे एका केसला ट्रिम केल्यावर एकदाच करायचं, दर वेळी नाही.

## ९. प्रायमर पॉकेट

इथे दोन वेगळी हेड असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. क्लीनर नुसती काजळी काढतो. क्रिंप रीमर धातू कापतो. मिलिटरी ब्रासमध्ये प्रायमरभोवती क्रिंप, म्हणजे आत दाबलेली धातूची कड, असतो, तो काढल्याशिवाय नवीन प्रायमर बसत नाही. पण तो आयुष्यात एकदाच काढायचा असतो आणि ज्या केसला क्रिंपच नाही तिला रीमर लावायचाच नाही.

म्हणून ढीग आधीच वेगळे करा. केसच्या तळावर वर्तुळात अधिकचं चिन्ह म्हणजे नाटो ब्रास, त्यात क्रिंप असणार असंच धरून चला. क्रिंप काढून झालेल्या केस वेगळ्या डब्यात, डब्यावर मार्करने लिहा. लिहिलं नाही तर पुढच्या वेळी परत त्याच केस रीम होतात, पॉकेट मोठे होतात, प्रायमर सैल बसतो, आणि फायर करताना गॅस मागून बोल्टकडे येतो.

रीमर स्टेशनची मोटर शक्य असेल तर बाकीपेक्षा हळू ठेवा. टेकवा, रिंग गेली की लगेच उचला. गो-नो-गो गेज (पॉकेटचं माप बघायचं दोन टोकांचं) स्वस्त मिळतं, त्याने दर काही केस तपासा. नो-गो टोक आत गेलं की ती केस भंगार, त्यावर चर्चा नाही.

## १०. नेक ब्रश, परत धुणं, शेवटची नजर

नायलॉनचा नेक ब्रश एक-दोन सेकंद फिरवला की पुरे. मग केस उलट्या करून झटका आणि परत एकदा धुवून वाळवा. दुसऱ्यांदा धुवायचा कंटाळा येतो मान्य आहे, पण चॅम्फरचे ते बारीक धागे आत चिकटून राहतात आणि फ्लॅश होलमध्ये (पॉकेटमधून केसच्या आत जाणारं भोक) जाऊन बसतात. वाळलेल्या केसमधून उजेडाकडे बघा, फ्लॅश होल गोल आणि मोकळं दिसलं पाहिजे. पाणी राहिलंय असं थोडंही वाटलं तर आणखी एक रात्र पंख्याखाली.

मशीनचं म्हणाल तर दर बैठकीनंतर ब्रशने कपलरभोवतीचा कीस काढा, कॉम्प्रेस्ड एअर मारू नका, तो कीस आत ढकलतो आणि शिशाची धूळ उडवतो ते वेगळंच. ग्रब स्क्रू महिन्यातून एकदा बघा. चॅम्फर हेडची धार गेली की घासत बसू नका, नवीन घ्या.